पाय टेकला की बाद

आमच्या घरात कुणी कुणाशी गोड बोलत नसे. भांडण असलं की मोठ्यानं बोलत, आणि नसलं तरी तेवढ्याच मोठ्यानं. आमचं गाव बेलापूरच्या खाडीकाठचं. मागच्या डोंगरात दुपारी सुरुंग उडायचे, आणि बाकी दिवसभर खाडीच्या भरावावर नव्या इमारतींसाठी खांब ठोकणारा घण चाललेला असायचा. चुलीपुढच्या आईला ओटीवरून काही सांगायचं तर ओरडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुढे घण थांबला, इमारतींत माणसं राहायला आली, तरी आमचे आवाज काही खाली आले नाहीत. तेव्हा सगळा दोष त्या घणाला देता येणार नाही. आम्ही तसेच होतो. आमची भाताची खारी शेती सरकारनं नव्या शहरासाठी घेतली होती आणि त्या रागाचं काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. मग तो राग घरातल्या घरात फिरायचा. आजोबा बापावर, बाप माझ्यावर आणि भावावर, आई सगळ्यांवर. मी शेवटची, म्हणून मी कोंबड्यांवर.

बापानं शेतीच्या बदल्यात ट्रक घेतला. उरणकडच्या मिठागरांतून मीठ भरायचं, खोपोलीवरून घाट चढून पुण्याच्या बाजूला टाकायचं आणि येताना कांदा भरून वाशीच्या बाजारात उतरायचं, असा त्याचा फेरा. तो घरी आला की आधी डिझेलचा वास यायचा, मग कांद्याचा, मग तो. आई तव्यावर तांदळाची भाकरी टाकी, निखाऱ्यावर सुके बोंबील भाजत असे आणि कोलमाची, म्हणजे बारक्या सुक्या कोळंबीची, चटणी ताटात आपटी. तो जेवायचा आणि घाटाबद्दल बोलायचा. दुसरा विषय त्याला नव्हता. कुणाचा ब्रेक गेला, कुणाचं इंजिन तापलं, कोण मूर्ख वळणावर ओव्हरटेक करायला गेला. आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी शिंगरोबा. घाटाच्या मध्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. इंग्रजाला डोंगरातली वाट एका धनगरानं दाखवली आणि वाट कळल्यावर इंग्रजानं त्यालाच गोळी घातली, त्याचं ते देऊळ. घाटातला ट्रकवाला तिथं गाडी थांबवतो, उतरतो, डोकं टेकतो आणि मगच पुढं जातो. बाप म्हणायचा, "शिंगरोबाला न सांगता गेलेली गाडी घरी परतून येत नाय." आमच्या घरात गणपती वर्षातून एकदा यायचा, पण शिंगरोबा आठवड्यातून तीनदा जेवायला असायचा.

मी सायकल चालवायला लागले ती हौसेनं नव्हे. आई सेक्टरात सुकी मासळी विकायची. गावठाण सोडून जे काही नवं उभं राहिलं होतं त्या सगळ्याला आम्ही सेक्टर म्हणायचो. डोंगरावर साहेबांचे बंगले होते आणि तिथल्या बायकांना जवळा, सोडे, बोंबील दारात हवे असत. आईचे गुडघे गेले तेव्हा टोपली माझ्याकडे आली. भावाची एक काळी, अवजड, दांडीची सायकल होती. तो तिच्यावर बसून शिकायला जाणार होता, पण शिकायला गेलाच नाही. मी मागच्या कॅरियरला टोपली बांधून रोज सकाळी तो चढ चढायचे. मध्ये थांबून चाललं नसतं, कारण थांबलं की टोपलीच्या वजनानं सायकल मागं उलटायची. असा माझा सराव. हल्ली माझ्या कामोठ्याच्या सोसायटीतली काही माणसं रविवारी चकचकीत सायकली गाडीच्या टपावर बांधून तोच खोपोलीचा घाट चढायला जातात आणि परत येऊन लिफ्टमध्ये मला किती टक्के चढ, हृदयाचे किती ठोके, ते सांगतात. मी "हो का" म्हणते. त्यांच्याशी बोलून जिभेला त्रास कशाला द्या.

सेक्टरातल्या मुलामुलींसाठी एक क्रीडा मंडळ होतं. ते प्रधान सर चालवायचे. सर सरकारी कचेरीत अधिकारी, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. त्यांनी मला एकदा चढ चढताना पाहिलं आणि त्यांच्या बायकोला सोडे मोजून देऊन मी निघाले तेव्हा गेटपाशी थांबवलं. "तुमच्या लोकांत ताकद असते," ते म्हणाले, "शिस्त नसते." हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. तुमचे लोक हा त्यांचा लाडका शब्द होता. तुमच्या लोकांना मासे स्वस्त पडत असतील. तुमचे लोक लवकर लग्न करतात. घरी आले की बापाच्या तोंडी तोच शब्द उलटा असे. ते लोक. ते लोक आपल्या शेतात राहतात, ते लोक गच्चीवर कपडे वाळवायला भितात, त्या लोकांना भात कुठं उगवतो ते माहीत नाही. मी या दोघांच्या मधे रोज सायकल चालवत होते आणि दोघांचाही मला सारखाच संताप यायचा.

प्रधान सरांनी मला मंडळात घेतलं, म्हणजे मैदानाच्या कडेला उभं राहू दिलं. मंडळाकडे एक रेसची सायकल होती, हलकी, वाकड्या हँडलची, गिअरची. राज्याच्या निवडीला मंडळातून एका मुलीला पाठवायचं होतं आणि जी जाईल तिला ती सायकल वापरायला मिळणार होती. निवड कशी करायची हे सरांनी ठरवलं. खोपोलीहून घाट चढायचा, वर खंडाळ्यापर्यंत. कोण आधी पोचतं त्याला महत्त्व नाही. अट एकच. त्यांनी शिट्टी फुंकून सांगितली, "मध्ये पाय टेकायचा नाही. पाय टेकला की बाद."

मला ती सायकल हवी होती. आयुष्यात तोवर काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं. टोपली नसलेली सायकल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

आदल्या संध्याकाळी मी जेवताना घरी सांगितलं. आई म्हणाली, "मंगं उद्याची टोपली कोन नेल?" भाऊ म्हणाला, सायकलचं काही तुटलं तर हात तोडीन. बापानं भाकरी मोडली. मला वाटलं, आता ‘ते लोक’ सुरू होणार. पण तो ड्रायव्हर होता, त्यानं नेमकं दुखरं ठिकाण धरलं.

"शिंगरोबाला थांबशील ना?"

"पाय टेकला की बाद, बाबा."

"मंगं बाद हो."

"चालत्या सायकलीवरनं हात जोडीन की."

"देव काय यष्टीचा कंडक्टर हाय, लांबून हात दाखवाला?" त्यानं ताट बाजूला सारलं. "मी रोज त्या वाटेनं जातंय. चार लोक मना वलखतान. उद्या मना बोलतील, तुजी पोर देवाच्या समोरनं ताठ मानेनं गेली. थांबाचा नसल तं जाव नको."

"मी जानार," मी म्हणाले.

"जा. बघतंय मी."

मला तेव्हा वाटलं, ही नुसती धमकी आहे.

सकाळी मंडळाच्या टेम्पोत सायकली भरून आम्हा चौघींना खोपोलीला नेलं. सेक्टरातल्या मुलींच्या पायात कॅनव्हासचे बूट होते, त्यांच्या आयांनी त्यांना ग्लुकोजचं पाणी दिलं होतं. मी भाकरी आणि जवळा खाऊन आले होते, आणि त्याचा वास येतो म्हणून शिल्पा नावाची एक मुलगी टेम्पोत नाकाला रुमाल लावून बसली होती. तिच्या वडिलांची मोटार मागून येत होती, पोरगी दमली तर उचलायला. माझ्या पायात रबरी स्लिपर होत्या आणि सलवारीचे पाय मी सुतळीनं बांधले होते. प्रधान सर जीपमधून पुढे निघून गेले. ते वर थांबणार होते. देखरेखीला मंडळाचा एक माणूस स्कूटरवर मागे ठेवला होता. पहिल्या मोठ्या चढालाच दोघी उतरल्या आणि रडायला लागल्या, आणि तो माणूस त्यांची समजूत घालत तिथंच राहिला. म्हणजे मी पुढे काय करते हे पाहायला मंडळाचं कुणी उरलं नाही. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मला बरंच वाटलं, की तोंडं दिसायची बंद झाली.

त्या घाटाचं कौतुक करणारं बरंच काही लिहिलं गेलंय. धुकं, दऱ्या, वगैरे. मला दरी दिसली नाही. मला पुढच्या चाकाखालचा हातभर रस्ता दिसत होता आणि त्यावर सांडलेलं ऑइल. तेव्हा द्रुतगती मार्ग नव्हता; मुंबईचा सगळा माल त्याच वाटेनं वर जायचा. भरलेले ट्रक माझ्याच वेगानं रांगत होते, त्यामुळे एकच ट्रक कितीतरी वेळ शेजारी असायचा आणि त्याचा धूर सरळ तोंडात. क्लीनर पायरीवर उभे राहून हसायचे. एकानं माझ्या अंगावर पान थुंकलं, मुद्दाम की चुकून ते त्याचं त्याला माहीत. एका वळणावर डावी स्लिपर पायातून निसटली. मी वळूनही पाहिलं नाही. पेडलला लोखंडी दात होते, ते तळव्यात रुतत होते आणि मी प्रत्येक फेऱ्याला एकेकाला शिव्या घालत होते. उजवा पाय खाली, प्रधान सर. डावा पाय खाली, बाप. शिव्यांवर माणूस घाट चढू शकतो, हे मी अनुभवानं सांगते.

शिंगरोबाचं देऊळ दिसायच्या आधी मला बापाचा ट्रक दिसला. बॉनेट उघडून कडेला लावला होता. मिठाच्या गोणींवर ताडपत्री होती. चार-पाच ड्रायव्हर देवळापाशी उभे होते, आणि बाप रस्त्यात. हाताची घडी घालून, माझ्याकडे तोंड करून. तो पहाटेच निघाला होता आणि तिथं माझी वाट पाहत थांबला होता.

मी थांबले नाही. चढावर माझा वेग चालणाऱ्या माणसाएवढाच होता, त्यामुळे मी त्याच्यापाशी पोचले तेव्हा तो नुसता वळला आणि माझ्या शेजारी चालायला लागला. ही गोष्ट मला आजही सगळ्यात अपमानाची वाटते. मी जिवाच्या आकांतानं पेडल मारतेय आणि बाप शेजारून बाजारात निघाल्यासारखा चालतोय.

"पाय टेक," तो म्हणाला. "एकदा टेक. देवाला बोल, आन जा."

मी पेडल मारत राहिले. बोलायला श्वास नव्हता.

"लोकं बघतान. ए पोरी. मी काय मागतंय? पाय टेक एवढाच बोलतंय."

देवळापाशी उभ्या ड्रायव्हरांतला एक ओरडला, "अरे, हँडल पकड ना तिचं!" बापाचा हात आला. हँडलच्या अगदी वर आला, मला त्याच्या नखातलं काळं ग्रीस दिसलं. त्यानं पकडलं असतं तर मी पडले असते आणि गोष्ट तिथंच संपली असती. पण हात तसाच अधांतरी राहिला. घाटात एक कायदा आहे, तो कुठल्या पाटीवर नसला तरी प्रत्येक ड्रायव्हर पाळतो. चढत्या गाडीला अडवायचं नाही. उतरणारा थांबेल, रिकामा थांबेल, साहेबाची मोटार थांबेल, पण चढत्या गाडीला वाट द्यायची, कारण एकदा थांबली की ती पुन्हा उठत नाही. हा कायदा त्यानंच मला जेवताना शंभरदा ऐकवला होता. माझ्या मागं एक भरलेला ट्रक येत होता, त्यानं हॉर्न दिला. बापाला कडेला व्हावं लागलं.

"देव बघतंय," तो मागून म्हणाला. "ध्यानात ठेव."

मी हात जोडले नाहीत. हात सोडले असते तर पडले असते हे खरं. पण मनातही जोडले नाहीत हे जास्त खरं. मी देवळाकडे पाहिलंच नाही. त्या वेळी शिंगरोबा मला बापाच्या बाजूचा माणूस वाटला. याच गडबडीत शेजारून एक मोटार गेली. शिल्पा दमून वडिलांच्या मोटारीत बसली होती आणि तिनं काचेतून मला पाहिलं, देवळापाशी, ट्रकवाल्यांच्या घोळक्यात.

वरच्या वळणांबद्दल मला काही आठवत नाही. शेवटी रस्ता सपाट झाला आणि प्रधान सरांची जीप दिसली. मी जीपपर्यंत गेले, तिच्या मागच्या दांडीला हातानं धरलं आणि तशीच सायकलवर बसून राहिले. पाय पेडलवरच ठेवले. सर पास म्हणेपर्यंत खाली टेकायचे नाहीत असं मी ठरवलं होतं, कारण माझा कुणावर विश्वास नव्हता. ते बरंच झालं.

सर शिल्पाच्या वडिलांशी बोलत होते. माझ्याकडे आले ते चेहरा पाडून. "प्रयत्न चांगला होता," ते म्हणाले. "पण तू देवळापाशी थांबलीस."

"नाही थांबले."

"शिल्पानं पाहिलंय तुला तिथं."

शिल्पा मोटारीला टेकून संत्रं सोलत होती. ती म्हणाली, "मी पाय टेकताना नाही बघितलं, सर. पण सगळे ट्रकवाले होते तिच्याभोवती. थांबली असेल ना."

"मी थांबले नाही," मी पुन्हा म्हणाले.

"हे बघ," सर समजुतीच्या सुरात म्हणाले, आणि त्या सुराचाच मला जास्त राग आला, "यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तुमचे लोक तिथं थांबतातच. श्रद्धा असते. मी त्याचा आदर करतो. पण नियम म्हणजे नियम."

मी जीपची दांडी घट्ट धरली. तळव्यातून रक्त येऊन पेडल चिकट झालं होतं. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या लोकांसारखी वागले नव्हते, आणि हा माणूस माझ्या लोकांच्या नावावर मला बाद करत होता. थांबले असते तरी बाद, नाही थांबले तरी बाद. तेवढ्यात खालच्या वळणावरून ओळखीच्या इंजिनाचा आवाज आला.

"माझा बापूस येतोय," मी म्हणाले. "तो तिथं होता. त्याला इचारा."

सर हसले. "वडील तुझ्याच बाजूनं बोलणार."

"माझा बापूस?" मी म्हणाले. "माझ्या बाजूनं?" मलाही हसू आलं, पण ते काही चांगलं हसू नव्हतं.

सरांनी हात करून ट्रक थांबवला. बापानं इंजिन बंद केलं नाही. खिडकीतून त्यानं आधी सरांकडे पाहिलं, मग त्यांच्या बुटांकडे. मला कळलं होतं की आता सगळं त्याच्या हातात आहे. तो एवढंच म्हणाला असता की थांबली, तर देवापुढे त्याचा मान राहिला असता, घाटातल्या माणसांत राहिला असता, मी मुकाट घरी गेले असते आणि दुसऱ्या दिवशी टोपली उचलली असती. त्याला जे हवं होतं ते सगळं एका शब्दात मिळणार होतं.

"तुमची मुलगी देवळापाशी पाय टेकून थांबली होती का?" सरांनी विचारलं.

"नाय," बाप म्हणाला.

"अगदी थोडासुद्धा?"

"नाय बोललो ना." त्याचा आवाज चढला, इंजिनाच्या वर गेला. "मी बाजूनं चालत व्हतो. चार लोकांच्या समोर हिच्या पाया पडाचा बाकी ठेवला. नाय टेकला पाय. देवाला नाय मानला, बापाला नाय मानला. रक्त निघत व्हता पायातनं, तरी नाय टेकला."

"पण तुमचे लोक तर सगळेच तिथं—"

"आमचे लोक थांबतान," बाप म्हणाला. तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. "ही आमची नाय ऱ्हायली. घ्या तुमच्यात."

ट्रक पुढे गेला. आमच्याकडे लग्नाकार्यात आता ही गोष्ट अशी सांगतात, की बघा, तेव्हाच्या काळात बापानं लेकीची बाजू घेतली. सांगणारे तिथं नव्हते. त्यानं माझी बाजू घेतली नाही. तो सगळ्यांसमोर माझी तक्रार करत होता, आणि घाटात काय घडलं याबद्दल खोटं बोलणं त्याच्या जिभेला जमत नव्हतं, म्हणून ती तक्रार माझ्या कामी आली. त्याचं शेवटचं वाक्यही त्यानं रागाच्या भरात टाकलेलं नव्हतं. ते त्यानं पाळलं. मी त्या रेसच्या सायकलवर निवडीला गेले, पुढे काही वर्षं मंडळाकडून खेळले, नोकरीला लागले, आणि त्यानं मरेपर्यंत माझ्यासमोर घाटाचं नाव काढलं नाही. मी ओटीवर आले की बोलता बोलता गप्प व्हायचा. त्याला दुसरा विषय नव्हता हे मी सांगितलंच आहे.

प्रधान सरांनी शिट्टी गळ्यात नीट केली. "ठीक आहे," ते म्हणाले. "तू आता आमची. उतर." मी जीपची दांडी सोडली आणि पाय टेकला. मी सायकलसकट एका बाजूला झुकले. शिल्पा संत्रं टाकून मला धरायला धावली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मी तिचा हात झटकला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.